शेवटच्या दहा किलोमीटरची चाल : लांब पल्ल्याच्या स्वारीसाठी चालीचा घोडा निवडताना

चालीच्या घोड्यावर, म्हणजे चार सुट्या ठोक्यांची गुळगुळीत चाल उपजत असलेल्या घोड्यावर, पहिल्यांदा बसलेला माणूस दहा मिनिटांत हरखून जातो. दुडकीत प्रत्येक पावलाला खोगिरातून उडायला होतं, तसं इथे काहीच होत नाही. वाट पायाखालून सरकत राहते आणि कंबर जागच्या जागी असते. खरेदीचे बहुतेक चुकीचे निर्णय याच दहा मिनिटांत होतात. माझाही तसाच झाला होता.

घोडा देखणा होता. विकणाऱ्याने तो सपाट, मऊ मातीच्या वाटेवर दाखवला. मी पाव तास फिरवला आणि त्याच संध्याकाळी व्यवहार पक्का केला. पुढे चाळीस किलोमीटरच्या पहिल्याच स्वारीत, पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास दगडांची वाट लागली आणि त्याची ती लोण्यासारखी चाल मोडली. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत तो डावी-उजवीकडे झुलायला लागला. पशुवैद्यक घोडा तपासतात त्या थांब्यावर नाडी ७२ वर अडकली, ती खाली येईना. खोगीर उतरवलं तेव्हा सगळी पाठ घामाने निथळत होती, फक्त कण्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या दोन जागा कोरड्या ठाक होत्या. खोगिराचा दाब नेमका तिथे पडत होता. आणखी तासभर बसले असते तर त्याची पाठ लागली असती. यात घोड्याची काहीच चूक नव्हती. निवडताना जे पाहायला हवं होतं, ते मी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून घोडा पाहायला गेले की मी मनात एकच प्रश्न ठेवते: हा दमल्यावर कसा चालेल? ताजा घोडा सगळ्यांचाच छान चालतो. या लेखातल्या सगळ्या तपासण्या या एका प्रश्नासाठी आहेत.

आधी पल्ला ठरवा, मग घोडा शोधा

‘लांब पल्ला’ म्हणजे किती, हे स्वतःशी स्पष्ट असायला हवं. अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स ही संस्था १९७२ पासून अशा स्वाऱ्यांचे नियम ठरवते. तिच्याकडे २५ ते ३५ मैलांच्या स्वाऱ्या मर्यादित अंतराच्या गटात येतात आणि ५० मैलांपासून पुढे खरा एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्वारीचा मुख्य गट, सुरू होतो. २५ मैलांना ६ तास, ५० मैलांना १२ तास आणि १०० मैलांना २४ तास मिळतात. थांब्यांवरची सक्तीची विश्रांती याच वेळात धरलेली असते.

आता हिशेब करू. ५० मैल म्हणजे साधारण ८० किलोमीटर. १२ तासांतून दीड तास थांब्यांचा वजा केला तर साडेदहा तास उरतात, म्हणजे ताशी सरासरी साडेसात किलोमीटर. ऐकायला हा वेग किरकोळ वाटतो. पण घोड्याची साधी चाल ताशी सहा-सात किलोमीटरची असते, आणि वाटेत चढ, चिखल, ओढे, पाणी पिण्यासाठी थांबणं हे सगळं येतंच. म्हणून सपाट आणि बऱ्या वाटेवर ताशी दहा ते तेरा किलोमीटरचा वेग तासन्‌तास, सहज टिकवणारा घोडा हवा. चांगल्या चालीच्या घोड्याचं बलस्थान नेमकं हेच आहे.

पण हेतू पहिलं येण्याचा असेल, तर मी चालीचा घोडा सुचवणार नाही. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या सपाट मार्गांवरच्या स्पर्धांत पुढचे घोडे सरासरी ताशी वीस किलोमीटरच्या वर धावतात. तिथे दीर्घकाळ चौखूर धावणं लागतं आणि ते अरबी घोड्याचं राज्य आहे. कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप ही १०० मैलांची डोंगरी स्वारी १९५५ पासून चालू आहे. तिथेही पुढच्या फळीत बहुतेक अरबीच असतात. पण ज्याला वेळेत, धडधाकट घोड्यानिशी शेवट गाठायचा आहे, ज्याची कंबर किंवा गुडघे दिवसभराची उठबस सोसणार नाहीत, किंवा ज्याला वर्षानुवर्षं एकाच घोड्यावर स्वाऱ्या करायच्या आहेत, त्याला चालीच्या घोड्यासारखा सोबती नाही. ‘पूर्ण करणं हीच जीत’ या अर्थाचं वाक्य त्या अमेरिकन संस्थेने आपलं ब्रीद म्हणून धरलं आहे, आणि मला ते मनापासून पटतं.

चाल कानाने ओळखा

दुडकीत समोरासमोरचे तिरके पाय जोडीने पडतात, म्हणून दोन ठोके ऐकू येतात. पेस या चालीत एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडतात. तिथेही ठोके दोनच, पण घोडा होडीसारखा झुलतो. या दोन टोकांच्या मध्ये चार सुट्या ठोक्यांच्या चाली आहेत. त्यांत कोणता ना कोणता पाय नेहमी जमिनीवर असतो, घोडा हवेत उसळत नाही, आणि म्हणून स्वारही उडत नाही.

आइसलँडच्या घोड्याची टोल्ट, टेनेसी वॉकरची रनिंग वॉक, पासो फिनोची जवळजवळ टिचक्या वाजवल्यासारखी पावलं, पेरूच्या पासोची पासो यानो, रॉकी माउंटन घोड्याची सिंगल-फूट आणि मारवाडी-काठियावाडी घोड्यांची रेवाल, या सगळ्या याच घराण्यातल्या. मिझुरी फॉक्स ट्रॉटरची फॉक्स ट्रॉट मात्र दुडकीच्या बाजूला झुकते. तिरकी जोडी तीच, पण पुढचा पाय मागच्या पायाच्या किंचित आधी टेकतो. ब्राझीलच्या मांगालार्गा मार्शाडोर जातीत दोन्ही प्रकार सापडतात: मार्शा बाटिडा दुडकीच्या अंगाने जाणारी, तर मार्शा पिकाडा पेसच्या अंगाने.

जातीचं नाव पाहून फार भुलू नका. २०१२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी डीएमआरटी३ नावाच्या जनुकातला एक बदल शोधून काढला. तो चालीच्या अनेक जातींत मोठ्या प्रमाणात आढळतो. आइसलँडच्या ज्या घोड्यांत तो आई आणि बाप दोघांकडून आलेला असतो, त्यांना टोल्टबरोबर पेसही येण्याचा संभव बराच जास्त. म्हणजे चालीचा कल रक्तात असतो. पण ती चाल स्वच्छ आहे का, आणि पन्नासाव्या किलोमीटरला टिकेल का, हे जनुकाच्या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी कान, डोळे आणि वेळ द्यावा लागतो.

घोडा कडक जमिनीवर चालवायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. सारख्या अंतराने टक-टक-टक-टक असे चार ठोके आले तर उत्तम. दोन-दोन ठोके एकमेकांना चिकटत टकटक… टकटक असे यायला लागले, तर घोडा पेसकडे किंवा दुडकीकडे घसरतो आहे. दुडकीकडची घसरण मला चालते. पेसकडची मला काळजीत टाकते, कारण पेसमध्ये पाठ ताठ होते, खडबडीत जमिनीवर तोल कमी राहतो आणि दमलेला घोडा ठेचकाळतो. मग फोनवर संथ गतीचं चित्रीकरण करा, बाजूने आणि मागून. घरी येऊन ते तीन-चारदा पाहा. मऊ मातीवर ठसेही वाचा. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडत असेल तर पाऊल लांब आहे आणि मागचा भाग खरोखर काम करतो आहे.

गुडघे छातीपर्यंत उचलून मिरवणारा घोडा रिंगणात शोभतो. लांब पल्ल्याला तोच गुडघा दिवसभरात हजारो वेळा उचलण्याची ताकद वाया जाते. खूर जमिनीजवळून, लांब आणि आळशी वाटावा असा टाकणारा घोडा निवडा. पेरूच्या पासोत पुढचा पाय खांद्यापासून बाहेर वळसा घेत येतो. त्याला तेर्मिनो म्हणतात आणि तो त्या जातीचा जन्मजात ढब आहे. तोच वळसा खांद्याऐवजी गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या खालून येत असेल तर मात्र पायाच्या ठेवणीतच खोट आहे.

उभ्या घोड्याची तपासणी

खोगीर चढवू देऊ नका. आधी घोडा मोकळा, सपाट जागेवर, चारही पायांवर नीट उभा करा आणि दहा पावलं मागे जा.

अंग कसलेलं पण चपटं असावं. गोलमटोल, फुगीर स्नायू दिसायला दमदार वाटतात, पण त्यांत उष्णता कोंडते आणि ती बाहेर टाकायला घोड्याला वेळ लागतो. पातळ कातडी, वर उठून दिसणाऱ्या शिरा, मोठ्या नाकपुड्या आणि जबड्यांच्या मध्ये चार बोटं सहज बसतील एवढी जागा, ही लक्षणं मला हवी असतात. अंगावर मांस किती, याच्या मोजणीला हेनेके यांनी १९८३ साली १ ते ९ अशी पट्टी घालून दिली. त्या पट्टीवर ५ च्या आसपासचा घोडा लांब पल्ल्याला बरा: बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की लगेच लागतात. चालीच्या कित्येक जाती थोड्या चाऱ्यावरही सुटतात, म्हणून सातच्या वरचा घोडा दिसला तर खूर आधी तपासा. वाढलेल्या चरबीबरोबर खुरांच्या आतल्या सुजेचा आजार येतो आणि तो एकदा झालेला घोडा या कामाला घेऊ नये.

वजन अंदाजाने बोलू नका, मोजा. पुढच्या पायांच्या लगेच मागे, तंग जिथे बसतो तिथे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ११,८८० ने भागलं की किलोतलं वजन मिळतं. घेर १७० आणि लांबी १५५ असेल तर घोडा साधारण ३७७ किलोंचा. स्वार, खोगीर आणि सामान मिळून या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत बसावं, म्हणजे इथे पंच्याहत्तर किलो. चालीचे कित्येक घोडे बुटके असतात, त्यामुळे हा हिशेब कडक धरा. आइसलँडचे घोडे याहून जास्त ओझं वाहतात हे खरं आहे, पण ते थंड हवेतले, दाट केसांचे प्राणी आहेत. उष्ण हवेत त्यांना केस कापूनच न्यावं लागतं.

गुडघ्याखालची नळी मोजपट्टीने मोजा. साडेचारशे किलोंच्या घोड्याला सात ते साडेसात इंचांचा घेर असावा. नळीमागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा) दोरीसारखी ताठ, थंड आणि स्वच्छ लागली पाहिजे. मागच्या पायांचा मोठा सांधा खांबासारखा सरळ असेल आणि घोटे जमिनीकडे खचलेले असतील, तर तिथेच थांबा. पायाला झोळीसारखं पेलून धरणारे अस्थिबंध हळूहळू झिजत जाण्याचा एक असाध्य आजार आहे आणि पेरूच्या पासो जातीत तो विशेष आढळतो. त्याची खूण हीच.

जातीगणिक आणखी एकदोन गोष्टी. रॉकी माउंटन घोड्यातल्या चंदेरी आयाळीच्या रंगाशी डोळ्यांचे जन्मजात दोष जोडलेले आहेत, तिथे डोळ्यांची तपासणी चुकवू नका. आइसलँडमधून बाहेर आणलेल्या घोड्यांना बारीक चावऱ्या माश्यांची ॲलर्जी होऊन उन्हाळ्यात अंग सोलवटतं. आयाळीच्या आणि शेपटीच्या मुळाशी घासलेल्या जागा शोधा.

खूर मी सगळ्यात शेवटी पाहते, आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवते. प्रदर्शनासाठी तयार केलेल्या चालीच्या घोड्यांत खुराचा पुढचा भाग लांब वाढवलेला आणि टाच दबलेली असते. काहींना जड नाल ठोकलेले असतात, कारण पायाच्या टोकाला वजन आलं की पावलांची लय बदलते. हे वजन ८० किलोमीटर वाहायचं म्हणजे घोड्याच्या ताकदीची लूट आहे. विकणाऱ्याला सरळ विचारा की नाल कधी बदलले, वजन किती. शक्य असेल तर साध्या, हलक्या नालांवर किंवा अनवाणी घोडा पुन्हा पाहा. नाल उतरल्यावर चाल गायब होत असेल, तर ती त्या घोड्याची चालच नव्हे. टेनेसी वॉकरच्या बाबतीत खुरांच्या वरच्या खळग्यांत, केसांखाली बोट फिरवून व्रण आहेत का ते बघा. पाय उंच उचलावेत म्हणून तिथली कातडी रसायनांनी जाळण्याची क्रूर प्रथा होती. अमेरिकेत १९७० साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. असा घोडा दयेपोटी घरी आणायचा असेल तर जरूर आणा. त्याच्याकडून शंभर मैलांची अपेक्षा मात्र करू नका.

नाडी खोटं बोलत नाही

एक साधा स्टेथोस्कोप घ्या. डाव्या पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे, तंगाच्या रेषेत तो लावा आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. नव्या माणसाला पाहून ती वाढते, म्हणून आधी दहा मिनिटं नुसते त्याच्याजवळ उभे राहा, खरारा करा, मग मोजा.

खरी परीक्षा मेहनतीनंतर. त्याच्या नेहमीच्या चालीने दहा-बारा किलोमीटर, ताशी साधारण दहा किलोमीटरने जा. उतरा, तंग सैल करा, नाडी घ्या. पाच मिनिटांनी पुन्हा, दहा मिनिटांनी पुन्हा. स्वाऱ्यांच्या थांब्यावर बहुतेक ठिकाणी ६० किंवा ६४ च्या खाली यावं लागतं. तयारी नसलेला घोडाही माफक हवेत दहा मिनिटांत ६४ खाली आला, तर माझ्या दृष्टीने तो घ्यावा असा आहे. पाव तासानंतरही ७२ च्या वर राहिला आणि हवाही उष्ण नव्हती, तर त्याच्या चालीवर कितीही जीव जडला असला तरी परत फिरा. तयारीने नाडी सुधारते, पण घडणीतच उष्णता कोंडणाऱ्या घोड्याशी तुम्ही वर्षानुवर्षं झगडत राहाल.

पशुवैद्यक करतात ती आणखी एक चाचणी तुम्हालाही जमेल. नाडी मोजा. मग घोडा हाती धरून १२५ फूट पळवत न्या आणि पळवत परत आणा. निघाल्यापासून बरोबर एक मिनिट झालं की पुन्हा मोजा. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा कमी असावा. चार-सहाने जरी वाढला तरी घोडा दमला आहे किंवा कुठे तरी दुखतंय.

स्वारी : तीन दिवस, तीन प्रकार

विकणारा एकाच फेरीला तयार असेल तर मी व्यवहार सोडून देते. किमान तीन स्वाऱ्या हव्यात.

पहिली स्वारी एकटीने, खडबडीत वाटेवर. सपाट रस्ता पंधरा मिनिटांत सोडा. उतारावर, सैल दगडांवर, मुळांवर चाल कशी राहते ते पाहा. घोड्याने स्वतःहून सावकाश व्हावं, डोकं खाली घेऊन जमीन वाचावी, आणि वाट बरी झाली की तुम्ही न सांगता पुन्हा चार ठोक्यांत यावं. लगाम सैल सोडा. कडियाळ्याच्या जोरावर डोकं वर धरून, पाठ खोलगट करूनच चालीत राहणारा घोडा लांब पल्ल्याचा नव्हे. सैल लगामावर टिकते ती त्याची स्वतःची चाल.

दुसरी स्वारी दुडकी घोड्याच्या सोबतीने. ही परीक्षा फार थोडे लोक घेतात. दुडकी घोडा सहज ताशी तेरा-चौदा किलोमीटरने जातो. चालीच्या घोड्याचा सुखाचा वेग कदाचित अकराच असेल. मागे राहायला नको म्हणून तो रेटायला लागतो, चाल पेसकडे घसरते आणि तासाभरात पाठ ताठरते. सोबती पुढे जाऊ दे आणि हा शांतपणे आपल्या वेगात राहतो का ते पाहा. सगळ्या स्वाऱ्यांत तुम्ही कुणाच्या तरी मागे असणारच आहात. हेवा करणारा घोडा ऐंशी किलोमीटरची ताकद पहिल्या पंधरा किलोमीटरमध्ये उधळतो.

तिसरी स्वारी लांब, निदान तीस किलोमीटरची. हिच्यात एकच गोष्ट लक्ष देऊन पाहा: घोड्याकडे किती प्रकारच्या चाली आहेत. ‘चालीच्या घोड्याला दुडकी शिकवाल तर चाल बिघडेल’ असं कित्येक शिकवणारे सांगतात. लांब पल्ल्यापुरतं मला ते मान्य नाही. दिवसभर एकाच चालीत राहणारा घोडा दिवसभर त्याच स्नायूंना राबवतो. चढावर चार पावलं दौड, मऊ मातीवर थोडी दुडकी, मग पुन्हा आपली चाल, मग साधं चालणं, असं बदलत जाणारा घोडा ताजा राहतो. ज्याला दौड घेताच येत नाही, किंवा घेतली की पुढचा अर्धा तास चाल सापडत नाही, त्याच्यावर मेहनत बरीच पडेल हे धरून चाला.

या घोड्यावर स्वाराला सुख असतं, म्हणून त्याची पाठ जास्त जपावी लागते. दुडकी घोड्यावर माणूस रिकिबीत उठबस करतो, त्यामुळे पाठीला प्रत्येक पावलाआड मोकळीक मिळते. चालीच्या घोड्यावर आपण सहा-सहा तास बसूनच राहतो. म्हणून दर वीस मिनिटांनी रिकिबीवर भार घेऊन दोन-तीन मिनिटं खोगिरातून उचला, उताराला उतरून चाला. घोडा हाती धरून शेजारी नीट चालतो का, हेही खरेदीआधीच बघा. परतल्यावर खोगीर उतरवून घामाचे डाग पाहा, पाठीच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबत पुठ्ठ्यापर्यंत जा. घोडा दबला, कान मागे टाकले, कातडी थरथरली तर पाठ दुखते आहे. मग ते खोगिरामुळे की चालीमुळे, हे तुमचंच खोगीर घालून पुन्हा तपासा. चालीच्या घोड्याचा खांदा मागे खूप सरकतो आणि पाठ बहुधा आखूड असते. खोगिराचा पुढचा सांगाडा खांद्यावर बसला तर चांगला घोडाही चाल टाकून देतो.

खाणं, पिणं आणि बुजरेपणा

तिसऱ्या स्वारीत मध्येच थांबा आणि पाणी दाखवा. अनोळखी ओढ्यावर तोंड बुडवणारा, दोन मिनिटांत हिरवळ खुडायला लागणारा घोडा मला देखण्या घोड्याहून प्यारा आहे. थांब्यावर न खाणारा, न पिणारा घोडा आतड्यांचा आवाज मंदावल्यामुळे स्वारीतून बाद होतो, आणि पोटदुखी जिवावरही बेतते. पासो जातीत आणि रेवाल घोड्यांत तेज बरंच असतं. ते मला आवडतंही, पण ते तेज थांबल्यावर विझलं पाहिजे. खांबाला बांधलेला घोडा तासभर पाय आपटत राहिला, तर विश्रांतीचा तो तास त्याच्या नाडीला मिळालाच नाही.

बुजण्याबद्दल एवढंच: बुजून पाहणारा आणि पुढे जाणारा घोडा चालतो. बुजून गिरकी घेणारा नाही.

वय, पशुवैद्यक आणि पळवून दाखवणं

त्या अमेरिकन संस्थेच्या नियमात मर्यादित अंतराला किमान चार आणि ५० मैलांना किमान पाच वर्षं पूर्ण लागतात. कण्याची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, त्यामुळे मी सहाच्या खालचा घोडा फक्त वाट पाहायची तयारी असेल तरच घेते. आठ ते बारा वर्षांचा, आधी रानावाटांवर काम केलेला घोडा सगळ्यांत सुरक्षित. साध्या वाटांवरच राबलेला, रिंगण न पाहिलेला असेल तर आणखी चांगलं.

खरेदीआधीची तपासणी तुमच्या पशुवैद्यकाकडूनच करा, विकणाऱ्याच्या नव्हे. सांधे वाकवून पळवण्याची परीक्षा, खूर आणि मागच्या मोठ्या सांध्यांचे एक्स-रे, हृदय आणि फुप्फुसं. कामानंतर स्नायू आखडून घोडा जागीच थिजल्याचा इतिहास असेल तर जीवायएस१ जनुकाची चाचणी करून घ्या. ती केसांच्या मुळांवरून होते.

एक अडचण मात्र केवळ चालीच्या घोड्याची आहे. पशुवैद्यक लंगडणं ओळखतात ते दुडकीत, कारण दोन ठोके सारखे नसले की डोळ्याला लगेच दिसतं, डोकं दुखऱ्या पायावर वर जातं. चार ठोक्यांच्या चालीत हे लपतं. टेनेसी वॉकर तर प्रत्येक पावलाला मान डोलावतोच, मग दुखण्याने डोललेली मान कोणती आणि जातीची कोणती? म्हणून घोडा हाती धरून सरळ रेषेत दुडकीत पळतो का, हे पाहा. पळत नसेल तर त्याच्या निरोगी अवस्थेतल्या चालीचं बाजूने, पुढून आणि मागून चित्रीकरण जपून ठेवा. पुढे स्वारीआधीच्या तपासणीला नेताना पशुवैद्यकाला आधी ताज्या घोड्याची चाल दाखवा, म्हणजे साठाव्या किलोमीटरला तुलना करायला त्यांच्या डोळ्यांत काही तरी असेल. स्वतःच्या बसण्याच्या सुखावर भिस्त ठेवू नका. गुळगुळीत चालीत सुरुवातीचं लंगडणं खोगिरात जाणवत नाही. माझ्या आताच्या घोडीचा डावा पुढचा पाय मऊ पडल्याचं पहिल्यांदा माझ्या सोबतिणीने मागून ऐकलं होतं. चारपैकी एक ठोका हलका येत होता.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

तिसऱ्या लांब स्वारीनंतर लगेच घरी जाऊ नका, किंवा सकाळी परत या. रात्रभर थंड झालेला घोडा तबेल्यातून पहिली वीस पावलं कशी टाकतो, त्यातून खूप कळतं. चारही नळ्यांवरून हात फिरवा. काल थंड असलेली शीर आज गरम किंवा पोळीसारखी मऊ लागते का? घोटे भरले आहेत का? पाठ पुन्हा दाबा. खांद्यावर किंवा मानेवर कातडीची चिमूट धरून सोडा, ती लगेच सपाट व्हावी. हिरडीवर बोट दाबून उचललं की दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परतावा. लीद नेहमीसारखी आहे का तेही पाहा.

माझ्या घोडीला मी अशाच एका सकाळी पाहिलं. अंगाने साधी, रंगाने मळकट, चाल ठीकठाक. ताशी अकराच्या वर नेली की ती दुडकीकडे घसरायची आणि विकणारा त्याबद्दल माझी माफी मागत होता. आदल्या दिवशी आम्ही बत्तीस किलोमीटर केले होते, शेवटचे दहा दगडांतून. त्या दहांत तिचे ठोके सुरुवातीसारखेच सुटे आणि सारखे राहिले होते. सकाळी मी दार उघडलं तेव्हा ती वैरणीत तोंड घालून उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, घास संपवला आणि मग सैल, लांब पावलं टाकत बाहेर आली. चारही पाय थंड होते. मी तेव्हा पशुवैद्यकाला फोन लावला.